साठी, बुद्धी आणि आपली ड्युटी

(सेवेतील व निवृत्त रेल्वे-टपाल कर्मचाऱ्यांच्या संयुक्त मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, बदल्या, पेन्शन हे विषय आज आम्ही बाजूला ठेवले आहेत. आज विस्मरणाच्या आजाराबद्दल बोलायचे आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. खाण्यापिण्याचा आणि मनावरच्या ताणाचा या आजाराशी काही संबंध आहे का, असे बरेच सभासद विचारतात. युनियनचा सेक्रेटरी डॉक्टर केव्हापासून झाला, असेही कोणी म्हणेल. आम्ही मॅट्रिक. पण मॅट्रिक झालेल्या माणसाला वाचता येते, जाणकारांना विचारता येते, आणि समजले ते आपल्या भाषेत चार लोकांना सांगता येते. तेवढेच करणार आहोत. गोळी कोणती घ्यावी ते डॉक्टरांचे काम, त्यात आम्ही पडणार नाही.

प्रथम एका म्हणीचा समाचार घेऊ. साठी बुद्धी नाठी. आपण साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे ही म्हण जणू आपल्यासाठीच केलेली. हारतुरे झाले, शाल-श्रीफळ झाले, की दुसऱ्या दिवसापासून माणूस काही विसरला तर घरचे हसतात आणि सोडून देतात. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांची जी मोठी पाहणी झाली तिचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा ७.४ निघाले, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आकडा मोठा आहे. पण उलट बाजूने वाचा: साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांची बुद्धी शाबूत आहे. ज्यांची जाते त्यांची वयामुळे जात नाही, आजारामुळे जाते. वय म्हटले की उपाय थांबतो, आजार म्हटले की माणूस दवाखान्यात जातो. या म्हणीने किती म्हाताऱ्यांना दवाखान्यापासून लांब ठेवले असेल!

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर येऊन अडते, हे सगळ्यांचेच होते. त्याला घाबरू नका. पण तासाभरात तीनदा चहा मागायचा आणि आपण तो घेतला हेच ठाऊक नसायचे, जन्मभर हिशेब चोख ठेवला त्याला दुकानदाराने परत दिलेली मोड मोजता येईना, पैसे स्वतःच कुठेतरी ठेवायचे आणि सुनेवर आळ घ्यायचा, हे निराळे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मालगाडी ड्रायव्हर होते. आपल्या सेक्शनमधला प्रत्येक चढ-उतार आणि प्रत्येक सिग्नल त्यांना अंधारात सांगता येई. तेच गृहस्थ भाजी आणायला गेले आणि बाजारातून घरचा रस्ता चुकले. पहिले वर्षभर घरच्यांना वाटत होते, म्हातारा गुपचूप घेतो. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसावर हा आळ!

या आजाराच्या इतिहासात रेल्वेचा एक धागा आहे. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. बाई नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई, घरातल्या वस्तू लपवून ठेवी, रात्री आरडाओरडा करी. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव आलोइस अल्झायमर. नवऱ्याचे नाव काय, असे त्यांनी विचारले तर तिने स्वतःचेच नाव सांगितले. ताटात फ्लॉवर होता, काय खातेस म्हटल्यावर पालक म्हणाली. १९०६ साली ती वारली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून अल्झायमर यांनी त्याच वर्षी आपला निष्कर्ष डॉक्टरांच्या सभेत मांडला. पुढे आजाराला त्यांचेच नाव पडले. इतक्या कमी वयात हा आजार होणे विरळा. पण त्या रेल्वे कारकुनाच्या घरात जे चालले होते, ते आज आपल्या कॉलन्यांतून, चाळींतून, गावाकडच्या घरांतून चालू आहे आणि त्याला वेड, करणी, म्हातारचळ अशी नावे पडत आहेत.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होतो. उतारवयात पुष्कळदा दोन्ही एकत्र सापडतात. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. एवढा पुरवठा ज्या बारीक नळ्यांतून होतो त्या वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने आणि साखरेने आतून कडक होतात, अरुंद होतात. एखादी मोठी वाहिनी बंद पडली तर अर्धांगवायू होतो, तो सगळ्यांना दिसतो. बारीक नळ्या एकेक करून बंद पडतात ते दिसत नाही. यार्डातल्या सायडिंग एकेक करून बंद करत जावे तसे. मेन लाइन चालू असते म्हणून वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही, आणि एक दिवस गाड्या लावायला जागाच नसते.

आता मूळ प्रश्न. इंग्लंडच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली, ज्यांवर काही करता येईल अशी चौदा कारणे मांडली. ही चौदाही दूर करता आली तर समाजातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशेब आहे. हा हिशेब सगळ्या समाजाचा आहे. तुमच्या-आमच्यापैकी कोणा एकाला तो हमी देत नाही. कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, औदासीन्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि दृष्टिदोषावर इलाज न करणे. ऐकलेत? यात आहार हा शब्द नाही. ताण हाही शब्द नाही.

मग आहार आणि ताण यांचा संबंध नाही काय? आहे, पण तो पुढच्या दाराने येत नाही. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, औदासीन्य या दारांनी तो आत येतो. म्हणून अमुक खा आणि स्मरणशक्ती वाचवा असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत खास मेंदूसाठी म्हणून एक आहार ठरवून ६०४ वृद्धांवर तीन वर्षे पाहिला. एका गटाला तो आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचेच अन्न थोडे कमी खायला सांगितले. २०२३ साली निकाल आला: स्मरणशक्तीत दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नाही. तसेच गिंको नावाच्या झाडाच्या अर्काचे. तीन हजारांवर वृद्धांना तो किंवा तशीच दिसणारी नुसती गोळी देऊन पाहिले, २००८ साली निकाल लागला, स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. फंडाचे पैसे हातात आले की स्मरणशक्तीच्या टॉनिकवाले आपल्या कॉलनीच्या फाटकाशी येऊन बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

फिनलंडमध्ये मात्र वेगळे घडले. तेथे १२६० माणसांवर नुसता आहाराचा प्रयोग केला नाही. आहार, व्यायाम, बुद्धीला काम, आणि रक्तदाब-साखरेवर नजर, हे चारही एकत्र केले. दोन वर्षांनी त्या गटाची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा बरी राहिली. हा निकाल २०१५ सालचा. अमेरिकेत दोन हजारांवर माणसांवर तसाच प्रयोग होऊन २०२५ साली त्याच दिशेचा निकाल आला. तात्पर्य, एका पदार्थाने काही होत नाही, अनेक गोष्टी मिळून थोडे होते.

त्या परदेशी आहारात काय होते? पालेभाज्या, कडधान्ये, कोंड्यासकट धान्य, कठीण कवचाची फळे, मासळी, ऑलिव्हचे तेल. ऑलिव्हच्या बाटलीसाठी पेन्शन मोडू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, अंबाडी-मेथीची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाणे, जवसाची चटणी, कोकणात बांगडा. आपल्या आयांनी हेच वाढले. मग आपल्या डब्यातून ते गेले कुठे? नोकरी आपल्याला भुसावळहून इटारसीला, सोलापूरहून सिकंदराबादला, नागपूरहून खरगपूरला घेऊन गेली. जाऊ तिथले खाल्ले, यात वाईट काही नाही. पण रात्री दोन वाजता फलाटावर तिथलेही चांगले मिळत नाही. मिळते ते वडा, सामोसा, भजी, तेही सकाळपासून तापणाऱ्या तेलातले. आणि चहा. रात्रीच्या पाळीत सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची जी वरची मर्यादा सांगितली आहे ती साधारण तेवढीच. ती आपण नुसत्या चहात पहाटेपर्यंत संपवतो.

मिठाचे त्याहून वाईट. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, याहून जास्त मीठ नको. आपण भाजीत मीठ घालतो, कणकेत घालतो, ताटात डावीकडे वाढून घेतो, आणि वर लोणचे, पापड, खारवलेली मिरची, फरसाण. गँगमधल्या आमच्या माणसाला उन्हात घाम येतो, मीठ लागणारच, असा एक समज आहे. घामाने मीठ जाते हे खरे. पण जन्मभर लागलेली ती चव ऑफिसात बसल्यावर आणि निवृत्त झाल्यावरही तशीच राहते, घाम मात्र थांबलेला असतो. तंबाखू-चुन्याबद्दल आम्ही वेगळे बोलत नाही. मळणाऱ्या हातांना ठाऊक आहे.

घरातल्या बायकांबद्दल मात्र थांबून बोलू. मघाच्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण पुरुषांत शेकडा ५.८ आणि स्त्रियांत ९ निघाले. त्यात शिक्षण कमी मिळाल्याचा भाग आहे, इतरही कारणे आहेत. आपण ड्युटीवरून अवेळी येतो, ती आपल्यासाठी थांबते, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते. आठवड्यात दोन उपवास, त्याला साबुदाणा आणि बटाटा. तिचा रक्तदाब कोणी कधी मोजला? आपली तपासणी निदान नोकरीच्या नियमाने होते. तिच्यासाठी नियम नाही. रेल्वेच्या दवाखान्यात तिचे कार्ड आहे, ते कपाटात आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. ते फार कमी पडले तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि विसरायलाही होते. असे विसरणे वेळेवर उपचार केला तर पुष्कळदा सुधारते. थायरॉइडच्या दोषाने आणि औदासीन्याने येणारे विसरणेही तसेच. म्हणून विस्मरण दिसले की स्मृतिभ्रंश असे घरीच ठरवू नका. आधी रक्त तपासा. पाच रुपयांच्या गोळीने बरा होणारा माणूस घरच्यांनी वेड्यात काढला, असे होऊ नये.

आता ताण. येथे आम्ही थोडे जास्त बोलणार, कारण हा खरा युनियनचा विषय आहे.

पूर्वी समज असा, की ताण साहेबाला असतो. निर्णय त्याने घ्यायचे, जबाबदारी त्याची, म्हणून हृदयविकार त्याचा. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला आणि उलटेच निघाले. जितकी जागा खालची, तितके हृदयविकाराने मरण जास्त. १९८५ साली दहा हजारांवर नोकरांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यातून कारणाचा एक मोठा भाग उलगडला: कामावर आपला ताबा किती. काम जड असले तरी कधी करायचे, कसे करायचे, केव्हा थांबायचे हे ज्याच्या हातात आहे त्याला कमी त्रास. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला जास्त. आता आपल्याकडे पाहा. फाटकवाल्याने फोन आला की उठायचे. स्टेशन मास्तराने पॅनल आणि फोन दोन्ही सांभाळायचे. टपालाच्या सॉर्टिंगवाल्याने गाडी येईल तेव्हा पिशव्या फोडायच्या. पोस्टमनने पत्रे वाटता वाटता खाती उघडण्याचे आणि विम्याचे टार्गेट पुरे करायचे. लोको पायलटला जेवणाची ठरलेली सुट्टी नाही आणि लघवीला जायचीही पंचाईत, म्हणून तो पाणीच कमी पितो. ताबा म्हणतात तो आपल्या हातात किती?

ताण आला की दाब चढतो, नाडी वाढते. वाघ मागे लागला तर ते उपयोगी. वाघ गेल्यावर सगळे खाली यावे अशी शरीराची रचना. पण सिग्नल चुकून ओलांडला जाईल ही धास्ती, चार्जशीटची धास्ती, रजा नामंजूर होण्याची धास्ती, हा वाघ मागचा सोडतच नाही. मग माणूस झोपत नाही, खारट-गोड जास्त खातो, तंबाखू वाढते, संध्याकाळी बाटली येते. आहार आणि ताण हे दोन विषय नाहीत, एकाच रुळाच्या दोन पट्ट्या आहेत.

स्वीडनमधील गोटेबोर्ग शहरात १९६८ पासून सुमारे दीड हजार मध्यमवयीन बायकांना ठरावीक वर्षांनी विचारत गेले, की तुम्हाला ताण वाटतो का. पस्तीस वर्षे पाठपुरावा केला. ज्यांनी पुनःपुन्हा होय म्हटले त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त निघाला. व्हाइटहॉलच्या दुसऱ्या अभ्यासातील आठ हजारांच्या आसपास लोकांची झोप पंचवीस वर्षे पाहिली. २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत जे सहा तास किंवा त्याहून कमी झोपत राहिले त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त. यावरून रात्रपाळीने स्मृतिभ्रंश होतो असे सिद्ध झाले म्हणू नका. दोन गाड्या पाठोपाठ आल्या म्हणून पहिलीने दुसरीला ओढून आणले असे ठरत नाही. पण रोस्टर लावणाऱ्याने हा आकडा डोळ्यांआड करू नये, एवढे आम्ही नक्की म्हणू.

आणि एक गोष्ट, जी आपल्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. गाडीखाली माणूस येतो. ब्रेक लावून उपयोग नसतो हे ठाऊक असते, तरी हात ब्रेकवर जातो. तो चेहरा काचेतून दिसलेला असतो. मेमो लिहायचा, गाडी पुढे न्यायची. की-मन आणि ट्रॅकमन यांना पुढचे काम करावे लागते, ते त्याहून कठीण. अशा आघाताने मनावर कायमची जखम झालेल्या लोकांचे निरनिराळे अभ्यास एकत्र करून २०२० साली हिशेब मांडला गेला. त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दीडपटीहून अधिक आढळले. आपल्याकडे त्या माणसाला सोबती चहा पाजतात, पाठीवर हात ठेवतात. मोठे काम आहे ते. पण तेवढ्यावर सोडून चालणार नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. लॉबीच्या भिंतीवर तो लिहून ठेवा. फोन करणारा भेकड नव्हे.

कानाचे दोन शब्द. त्या चौदा कारणांत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा धरला आहे त्यांत कमी ऐकू येणे आहे. डिझेल शेड, टॅम्पिंग मशीन, इंजिनाचा भोंगा यांत तीस-पस्तीस वर्षे काढलेला माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला अर्धेच ऐकू येत असते. तो हो-हो म्हणतो, मग गप्प बसतो, मग चावडीवर जाणे सोडतो. एकटेपणा हे यादीतले आणखी एक मोठे कारण, ते असे कानातून सुरू होते. चष्म्याची लाज आपल्याला वाटत नाही. कानातल्या यंत्राची का वाटावी?

करण्यासारखे सर्वांत सोपे आणि सर्वांत टाळले जाणारे काम म्हणजे रक्तदाब ताब्यात ठेवणे. चीनमध्ये ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्या खेड्यांत गावच्याच साध्या वैद्यकीय सेवकांना शिकवून त्यांच्याकडून दाब नियमित मोजवला, स्वस्त किंवा मोफत गोळ्या दिल्या, दाब खाली येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. चार वर्षांत त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. २०२५ सालची ही गोष्ट. मोठा तज्ज्ञ नको, मोठे इस्पितळ नको. यंत्र, गोळी आणि विचारपूस करणारा माणूस एवढे पुरले.

आपल्याकडे प्रत्येक लॉबीत दारू तपासायला श्वासाचे यंत्र आहे. त्याच्या शेजारी दाबाचे यंत्र का नको? काही ठिकाणी असेल, सगळीकडे हवे. गँगहटमध्ये हवे, सॉर्टिंग ऑफिसात हवे, मोठ्या पोस्टात हवे. पण नुसते यंत्र ठेवून भागणार नाही, आणि का ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दाब निघाला तर गाडीवरून उतरवतील, मायलेज जाईल, म्हणून माणूस तपासणीच्या आधी आठ दिवस मीठ सोडतो, कोणाच्या तरी गोळ्या मागून घेतो, पास होतो आणि पुन्हा मागचे सुरू करतो. त्याला खोटारडा म्हणणे सोपे आहे. मुलाची फी त्या मायलेजमधून जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे विसावे कलम सांगते, की सेवेत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दा कमी करता येत नाही, दुसऱ्या जागी त्याच वेतनश्रेणीत घ्यावे लागते. दाब वाढला म्हणजे अपंगत्व आले असे नव्हे. पण त्यामागचे तत्त्व दाबालाही लावून मागता येईल. आमचा प्रस्ताव असा: स्वेच्छेने मोजलेला दाब हा उपचारासाठी असेल, शिक्षेसाठी नाही, आणि उपचार चालू असताना कमाई बुडणार नाही. ही मागणी पुढच्या बैठकीत लेखी जाईल. रनिंग रूमच्या स्वयंपाकात रोज एक पालेभाजी आणि उसळ, रात्री अकरानंतर ताजे अन्न, आणि दोन रात्रपाळ्यांनंतर खरी विश्रांती, याही मागण्या त्याच कागदावर आहेत. रोस्टर आणि रसोडा हे प्रशासनाच्या हातात आहेत. ते तसेच ठेवून कर्मचाऱ्याला नुसता आहाराचा तक्ता वाटणे ही थट्टा झाली.

टपाल खात्यातील मित्रांना एक खास विनंती आहे. म्हातारा माणूस विसरू लागला हे मुलाच्या आधी तुम्हाला कळते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तुम्ही बोटाचा ठसा घ्यायला घरी जाता. बचत खात्याच्या खिडकीवर तुम्ही बसता. परवाच पैसे नेलेले आजोबा आज पुन्हा येतात आणि खात्यात कमी कसे म्हणून भांडतात. वीस वर्षे एकसारखी असलेली सही वेडीवाकडी होते. सोबत रोज निराळा भाचा येतो. अशा वेळी पाच मिनिटे द्या. घरच्या माणसाला हळूच सांगा, की यांना दाखवून घ्या. ज्यांना अजून सगळे समजते अशा निवृत्तांनी आत्ताच खाते जोडीदाराच्या नावाने संयुक्त करावे, वारस नोंदवावा, पेन्शनच्या कागदावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते पाहावे. सही जमेनाशी झाल्यावर हीच कामे करताना बायकोच्या चपला झिजतात.

आमचे बोलणे संपले. मागच्या खोलीत दाबाची दोन यंत्रे ठेवली आहेत, रेल्वेच्या दवाखान्यातून आलेली आमची एक भगिनी तिथे बसली आहे. आकडा तुमच्याच हातात चिठ्ठीवर मिळेल, दुसरीकडे कुठे लिहिला जाणार नाही. चहा किंवा तंबाखू घेतल्यावर अर्धा तास दाब खरा दिसत नाही, म्हणून आधी दाब, मग चहा. ज्यांच्या मंडळी सोबत आल्या आहेत त्यांनी त्यांना पुढे पाठवावे. चहा बिनसाखरेचा आहे, साखर वेगळी ठेवली आहे.